मास्तरांनी बंडी सैल केली

मास्तरांच्या चाळीस वर्षांच्या धंद्यात शिवलेला कपडा दुरुस्तीला परत आला असं फक्त तीनदा झालं, आणि तिन्ही वेळा मधल्या काळात गिऱ्हाईकच जाड झालेलं निघालं. ही गोष्ट ते कुणालाही सांगायचे, विचारलं नाही तरी सांगायचे. एका साहेबांच्या कोटाचं बटण लागेना, तेव्हा मास्तरांनी वहीतलं जुनं माप काढून चारचौघांसमोर मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. साहेब पुन्हा त्या गल्लीत फिरकले नाहीत. मास्तरांना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. माप चुकलं म्हणणाऱ्याशी त्यांचं जमायचंच नाही.

दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक लांबट खोली. दोन मशीन, एक कापायचं टेबल, कोपऱ्यात उभा आरसा, मागून वर घरात जाणारा जिना. त्या टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगात त्यांची एकुलती एक मुलगी लहानाची मोठी झाली. एका जागी म्हणून बसायची नाही, सारखी गरगर फिरायची, म्हणून तिला घरात बॉबिन म्हणायचे. पुढे सव्वीस वर्षांची झाली, दातांच्या दवाखान्यात नोकरीला लागली, तरी घरात ती बॉबिनच राहिली.

ही बॉबिन डोंगरात पळायची. कुणी मागे लागलं म्हणून नव्हे, हौसेनं, फी भरून, छातीला नंबर लावून. पन्नास पन्नास किलोमीटर, दगडधोंड्यांतून, झाडांच्या मुळांवरून उड्या मारत. मास्तरांच्या हे कधी पचनी पडलं नाही.

"एवढे रस्ते बांधून ठेवलेत ते काय शोभेला?" ते विचारायचे.

"बाबा, तू एकदा वर येऊन बघ तरी."

"वर काय मला गिऱ्हाईक मिळणारे?"

अशी दोघांची चेष्टा चालायची. गेल्या वर्षी ती चेष्टा बंद झाली. कडक उन्हाचा दिवस होता, बॉबिननं पाणी कमी घेतलं, आणि चाळिसाव्या किलोमीटरला ती कोसळली. दोन दिवस सलाइनवर होती. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले, लघवी चहाच्या रंगाची. आणखी तासभर उशीर झाला असता तर किडनी हातची गेली असती, असं डॉक्टर म्हणाले. मास्तर ते दोन दिवस तिच्या उशाशी स्टुलावर बसून होते. दर अर्ध्या तासानं चमच्यानं पाणी पाजत होते आणि मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत होते, की आपण बाप असून आपल्याला हे कसं सुचलं नाही. पाण्यावाचून माझी पोर पुन्हा पडणार नाही, हे त्यांनी त्या स्टुलावर ठरवून टाकलं.

आता मास्तरांनी एखादी गोष्ट ठरवली म्हणजे मग देवही मध्ये पडत नाही. त्यांनी वर्षभर त्याच गोष्टीचा ध्यास घेतला. बाजारात मिळतात त्या पळायच्या बंड्या, मागे पाण्याची पिशवी आणि खांद्यावरून तोंडाशी येणारी नळी असलेल्या, त्यांनी तीन आणून बघितल्या आणि तिन्हींना नावं ठेवली. हा पट्टा खांद्याला काचतो, ही पिशवी पाठीवर डुचमळते, हिच्यात दीड लिटरच मावतं. शेवटी स्वतःच शिवायला बसले. छत्रीच्या कापडाहून हलकं कापड, काखेत जाळी, अडीच लिटरच्या पिशवीचा कप्पा. शर्यतीच्या आदल्या दिवशी शेवटची ट्रायल झाली. छातीपाशी बरोबर दोन बोटांची मोकळीक, ना जास्त ना कमी. आरशासमोर बॉबिननं चार उड्या मारल्या, बंडी जागची हलली नाही. त्या दिवशी दुकानात आलेल्या प्रत्येकाला मास्तरांकडून चहा मिळाला.

पाण्याचं वेळापत्रकही मास्तरांनीच आखलं. दर पंधरा मिनिटांनी पाच मोठे घोट. मनगटावरच्या घड्याळात तसा गजर लावून दिला. वाटेत पाण्याचे पाच थांबे होते, तिथे आधी पिशवी रिकामी करून दाखवायची, वर दोन पेले प्यायचे, मग पिशवी पुन्हा भरायची. तसाच गजर त्यांनी आपल्या घड्याळातही लावला. म्हणजे ती डोंगरात जिथे कुठे असेल तिथे घोट घेईल, तेव्हा आपल्याला इथे कळेल.

मास्तरीणबाई जिन्यातून उतरताना हे सगळं ऐकत होत्या. "तहान लागली की पिईल की ती. गजर काय लावता? पोर आहे का टाकी?"

"गेल्या वर्षी लागली होती ना तहान? काय झालं?"

बाई आल्या तशा जिना चढून वर गेल्या. आणि बॉबिन, जी एरवी बापाला उलट उत्तर दिल्याशिवाय राहायची नाही, तीही यावेळी मुकाट ऐकून घेत होती. स्टुलावर बसलेला बाप तिनं बघितला होता. "पिते रे बाबा," ती म्हणाली. "एक थेंब शिल्लक ठेवणार नाही. शप्पथ."

शर्यतीच्या दिवशी ऊन पडलंच नाही. पहाटेपासून धुकं, वर ढग, अंगाला झोंबणारा गार वारा. अशा हवेत घाम कितीसा येणार? पण वेळापत्रक उन्हाचं होतं आणि ते बदलावं असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. मास्तरांच्या तर नाहीच नाही. ते तिसऱ्या थांब्यावर स्वयंसेवक म्हणून उभे होते, अंगात दोन स्वेटर घालून. तिथवर गाडी जायची, पुढे चौथ्या थांब्यापर्यंत अकरा किलोमीटर नुसती पायवाट. थांबा म्हणजे एक ताडपत्री, दोन टेबलं, पाण्याची पिंपं, चिरलेली संत्री, मीठ लावलेले उकडलेले बटाटे. थांब्याचे प्रमुख होते शाळेतून निवृत्त झालेले खेळाचे शिक्षक. त्यांना सगळे सर म्हणत. त्यांच्या गळ्यात शिट्टी आणि हातात वॉकीटॉकी, आणि दोन्हींचा वापर ते गरजेपेक्षा जास्त करत.

दहा वाजून गेल्यावर धुक्यातून बॉबिन आली. मास्तरांनी तिला चालीवरून ओळखलं आणि त्यांचा ऊर भरून आला. गेल्या वर्षी याच जागी ती लडखडत आली होती म्हणे. आज ताठ होती. तिनं आल्या आल्या पाठीवरची पिशवी काढून उलटी धरली. एक थेंब पडला नाही.

"बघ," ती म्हणाली. "सगळं प्यायले. आधीच्या दोन थांब्यांवर पण."

"शाब्बास. आता दोन पेले घे."

तिनं पहिला पेला घेतला. दुसऱ्याला तोंड वाकडं केलं. "बाबा, पोट डबडबलंय. मळमळतंय जरा."

"खाल्लं नाहीस काही, म्हणून. बटाटा घे."

"नको. नुसतं बघून कसंतरी होतंय." मग बंडी ओढत म्हणाली, "आणि तुझी बंडी काचतेय रे. इथे, काखेखाली. सकाळी नव्हती काचत. आता श्वास घेताना लागतेय."

मास्तरांनी चष्मा वर केला आणि वाकून बघितलं. बंडी खरंच घट्ट बसली होती. दोन बोटांची मोकळीक ठेवलेली, तिथे एक बोटही धड जात नव्हतं. बाजूची शिवण ताणून उभी राहिली होती आणि कातडीवर जाळीचे चौकोन उठले होते. घड्याळाचा पट्टा तिनं दोन भोकं सैल केला होता, तरी मनगटावर वळ होता. बोटं फुगलेली.

"हात खाली लोंबून फुगतात, सगळ्यांचेच," ती म्हणाली.

साहेबांना चारचौघांत पोट आत घ्यायला लावणारा हा माणूस. गिऱ्हाईकाचं अंग बदलतं, माप बदलत नाही, असं चाळीस वर्षं सांगणारा. आणि त्या दिवशी, आयुष्यात पहिल्यांदा, मास्तरांना वाटलं की आपलंच माप चुकलं. दुसरा कुणी असता तर त्यांनी त्याला सुनावलं असतं. पण ही त्यांची पोर होती, आणि पोरीला काचत होतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अर्धा इंच," ते पुटपुटले. "अर्धा इंच मारला मी. काढ, काढ ती."

खिशात ब्लेड, सुई, दोरा होताच, तो असायचाच. उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसून त्यांनी दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवल्या, आत दाबलेलं कापड मोकळं केलं आणि भराभर टाके घातले. बॉबिन टेबलाला टेकून उभी होती. कपाळ दाबत होती. तेवढ्यात दोघांच्या घड्याळांचे गजर एकदमच वाजले, आणि ती दुसरा पेला प्यायली.

"डोकं दुखतंय का?"

"थोडं."

"पाणी कमी पडलं की दुखतंच." असं म्हणून मास्तरांनी पिशवी स्वतःच्या हातानं भरली, काठोकाठ, अडीच लिटर. बंडी चढवली. आता दोन बोटं जात होती. "कसं वाटतंय?"

"मस्त," ती म्हणाली आणि हसली. त्या हसण्यात थोडा उशीर होता, पण तो मास्तरांना तेव्हा दिसला नाही. "बाबा, तू घरी गेल्यावर आईला सांग की... काय सांगणार होते मी?"

"पळ आता, सांगतो काहीतरी."

ती पायवाटेनं वर गेली. धुक्यात तिची पाठ आणि पाठीवरची फुगलेली बंडी थोडा वेळ दिसली, मग दिसेनाशी झाली.

पाऊण तासानं जीपमधून शर्यतीच्या डॉक्टरीणबाई आल्या. थांब्याथांब्यावर फिरून बघायचं काम त्यांच्याकडे होतं. तरुण होत्या, पायात चिखलानं भरलेले बूट, बोलायला मोकळ्या. सरांनी चहा दिला. कुणी पडलं नाही, कुणाला लागलं नाही, दिवस गार असल्यानं सगळं सुरळीत आहे, असं सरांनी सांगितलं.  मनाला लागलेलं कुणाला तरी सांगितल्याशिवाय मास्तरांना राहवत नसे. स्वतःवर विनोद करून सांगितलं की तेवढाच हलका होतो माणूस.

"डॉक्टरीणबाई, आमची तर आज अब्रूच गेली," ते म्हणाले. "चाळीस वर्षं कपडे शिवतोय. काल पोरीच्या अंगावर बंडी बरोबर बसवली, आणि आज इथे आली तर छातीला काचते. शिवण उसवून द्यावी लागली. अर्धा इंच, दोन्ही बाजूंना. म्हातारा झालो, दुसरं काय."

डॉक्टरीणबाई हसल्या, कप तोंडाला लावला आणि मग कप तसाच हातात राहिला.

"काल बरोबर होती?"

"एकदम."

"आणि आज सकाळी?"

"सकाळी पण काही बोलली नव्हती."

"हात सुजले होते? बोटं?"

"हो. लोंबून सुजतात ना."

"मळमळ? डोकं?"

"दोन्ही. म्हणून तर पाणी..." मास्तर थांबले.

"किती पाणी प्यायलीय ती सकाळपासून?"

मास्तरांना हिशेब पाठ होता. त्यांनी तो सांगितला. सांगता सांगता आवाज बारीक होत गेला, कारण समोरच्या बाईंचा चेहरा बदलत होता. साडेचार तासांत साडेआठ लिटर, गार हवेत, मिठाचा कण नाही.

डॉक्टरीणबाईंनी कप टेबलावर ठेवला. मग त्या शांतपणे बोलल्या, आणि त्यांच्या शांत बोलण्याचीच मास्तरांना धास्ती बसली. "काका, तुमचं माप चुकलं नाही. ती सुजलीय. शरीरात पाणी इतकं झालंय की रक्तातलं मीठ पातळ झालं. बोटं सुजतात तसा मेंदूही सुजतो. आता तिला एक घोटही जायला नको. कधी निघाली इथून?"

"पाऊण तास झाला."

"पाठीवर किती आहे?"

"अडीच लिटर," मास्तर म्हणाले. "मीच भरलं."

सरांनी वॉकीटॉकी उचलला. चौथ्या थांब्याला नंबर सांगितला, मुलगी आली की बसवून ठेवा, पाणी देऊ नका. पलीकडचा माणूस म्हणाला, ऐकू आलं नाही, पुन्हा सांगा, पाणी द्या ना? सरांनी ओरडून सांगितलं, देऊ नका. पलीकडच्याला पटेना. मग, "सर, नक्की देऊ नका? पळणाऱ्याला?" डॉक्टरीणबाईंनी वॉकीटॉकी हिसकावून घेतला आणि त्या माणसाला असं काही झापलं की त्यानं पुन्हा शंका काढली नाही. तिथून दोघे स्वयंसेवक उलट्या दिशेनं पायवाट उतरू लागले. इथून दोघे वर निघाले, बरोबर स्ट्रेचर. बॉबिनचा फोन लागत नव्हता. त्या डोंगरात कुणाचाच लागत नव्हता.

मास्तरही निघाले. कुणी थांबवण्याआधीच निघाले. दोनशे पावलं गेले असतील, तोच गुडघ्यानं दगा दिला आणि ते एका ओल्या दगडावर बसले. श्वास लागला होता. वरून धुकं खाली येत होतं. त्यांनी तिथूनच हाक मारली, "बॉबिन, पाणी पिऊ नकोस!" आवाज समोरच्या झाडीच्या पुढे गेला नसेल. त्यांनी पुन्हा मारली. मग स्वतःलाच कसंतरी वाटलं, आणि ते भिंतीला धरावं तसे झाडांना धरत धरत परत खाली आले.

तेवढ्यात मनगटावरचा गजर वाजला.

हा गजर बंद कसा करायचा हे मास्तरांना ठाऊक होतं. पण त्यांनी तो बंद केला नाही. बंद केला तर डोंगरात तोच गजर वाजायचा थोडाच थांबणार होता. तिथे कुठेतरी बॉबिननं आता नळी तोंडाला लावली असेल. पाच मोठे घोट. शप्पथ घेतली होती तिनं. आयुष्यभर बापाचं काही ऐकलं नाही या मुलीनं, नको म्हटलेली नोकरी धरली, नको म्हटलेले केस कापले, आणि नेमकं हेच ऐकलं. मास्तर ताडपत्रीखाली उभे राहून हात चोळत होते, सरांच्या तोंडाकडे बघत होते, मग वॉकीटॉकीकडे, मग पायवाटेकडे. काय करावं ते कळत नव्हतं आणि करण्यासारखं काही नव्हतंच. टेबलापाशी येणाऱ्यांना पाणी द्यायचं त्यांचं काम होतं. एक बाई आल्या, पेला पुढे केला, आणि मास्तरांच्या हातून पाण्याचा जग उचलवेना.

पुन्हा गजर वाजला. चौथ्या थांब्यावर ती पोचली नव्हती. पुन्हा वाजला. तिच्यामागून निघालेले चार जण चौथ्या थांब्यावर आले, ती आली नाही.

मग पायवाटेवरून एक पळणारा लंगडत खाली आला. पाय मुरगळला म्हणून परत फिरला होता. भला माणूस दिसत होता. त्यालाच सरांनी विचारलं.

"हिरव्या बंडीतली ना? हो, भेटली की," तो म्हणाला. "साधारण चार किलोमीटरवर. दगडावर बसली होती, उलट्या करत होती. पाणी संपलंय म्हणाली. मी विचारलं काही लागलं का, तर मला दवाखाना किती वाजता बंद होतो ते विचारायला लागली. थकव्यानं बडबडतात लोक. मी माझी बाटली दिली तिला. सगळी प्यायली. मी म्हटलं बस इथे, मदत पाठवतो. तुमचे स्ट्रेचरवाले वाटेत भेटले, त्यांनाही सांगितलंय."

तो आभाराची वाट बघत होता. साहजिकच होतं. स्वतःचा पाय मुरगळलेला असताना हातातलं पाणी त्यानं अनोळखी मुलीला दिलं होतं. मास्तरांना त्याची गचांडी धरावीशी वाटली आणि त्याच्या पायाही पडावंसं वाटलं. अडीच लिटर तासाभरात संपवले होते तिनं. उलटीतून गेलं ते भरून काढायचं म्हणून. बाबानं सांगितलं होतं म्हणून.

"बरं केलंत," ते म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

मास्तरीणबाईंना फोन करायला हवा होता. जीपनं खाली अर्ध्या वाटेवर गेलं की फोन लागायचा. पण मास्तरांना जागचं हलवेना, आणि खरं सांगायचं तर बाईंना काय सांगायचं ते त्यांना सुचत नव्हतं. पोरगी तहानेनं नाही, पाण्यानं पडली. मी पाजलं. असं कसं सांगणार?

वॉकीटॉकी खरखरला तेव्हा दुपारचा एक वाजत आला होता. सापडली. पायवाट सोडून पन्नास पावलं आत, झाडाखाली. शुद्ध होती पण धड नव्हती. दोघांनी ओळख विचारली तर तिनं स्वतःचा नंबर सांगितला, तोही चुकीचा. आणि मग झटका आला. हातपाय ताठ झाले, दात बसले. पलीकडचा माणूस हे सांगताना मध्येच थांबला आणि म्हणाला, "तिचे वडील तिथे आहेत का? त्यांना जरा लांब ठेवा." मास्तर वॉकीटॉकीपासून हातभर अंतरावर उभे होते. कुणी त्यांना लांब ठेवलं नाही. कुणाला सुचलंच नाही.

डॉक्टरीणबाई इंजेक्शनं आणि खाऱ्या पाण्याची छोटी पिशवी घेऊन वर गेल्या, जवळजवळ पळत. स्ट्रेचर खाली यायला दोन तास लागले. त्या दोन तासांत मास्तरांनी तिसऱ्या थांब्यावरचे सगळे रिकामे पेले गोळा केले, एकात एक घातले, मग ते विस्कटले आणि पुन्हा एकात एक घातले. सर त्यांच्याशेजारी येऊन बसले आणि शिट्टी काढून खिशात ठेवली. एरवी बडबडणारा तो माणूस, पण त्या वेळी शहाण्यासारखा वागला.

हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत बॉबिनला आणखी एक झटका येऊन गेला होता. काचेच्या दारामागे नेलं, मग बाहेर आणलं, मग वरच्या मजल्यावर एका खोलीत ठेवलं. मोठे डॉक्टर आले. रक्तातलं मीठ हळूहळूच वर आणायचं, घाई केली तर मेंदूला उलटा धक्का बसतो, असं त्यांनी समजावलं. वाचेल का, हा प्रश्न मास्तरांनी विचारला. डॉक्टर म्हणाले, आपण तासातासानं बघू. मग नर्सकडे वळून त्यांनी खोलीतली पाण्याची बाटली उचलायला लावली. "ती पाणी मागेल. तोंड कोरडं पडतं, मागतातच. मी सांगेपर्यंत एक थेंब द्यायचा नाही. कितीही मागितलं तरी. कळलं का काका?"

मास्तरांना कळलं होतं.

मास्तरीणबाई यायच्या होत्या, वाटेत होत्या. फोन शेवटी सरांनीच केला. मास्तर पलंगाशेजारी बसले. बॉबिनचा चेहरा सुजून गुळगुळीत झाला होता, डोळ्यांच्या कडा पुसल्यासारख्या. हाताला नळी, छातीला तारा. खिडकीबाहेर अजून उजेड होता. खाली रस्त्यावर दुकानं उघडी होती, माणसं कामावरून घरी चालली होती.

साडेपाचच्या सुमारास तिनं डोळे उघडले. आधी छताकडे बघितलं, मग तारांकडे, मग मास्तरांकडे. मास्तर पुढे वाकले. 

"बॉबिन. बाळा."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाकडे बघावं तशी, सभ्यपणे. जीभ ओठांवरून फिरवली. ओठ कोरडे होते.

"काका," ती म्हणाली, "थोडं पाणी देता का?"

मास्तरांनी पलंगाची कड घट्ट धरली. "आत्ता नाही द्यायचं, बाळा. डॉक्टरांनी सांगितलंय."

"एकच घोट. प्लीज, काका."

"नाही गं."

"तोंड सुकलंय हो माझं." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. लहानपणी टेबलाखाली सुई टोचली की यायचं, तसं नव्हे, परक्या माणसापुढे लाजत लाजत येतं तसं. "तुम्ही इथले आहात ना? कुणाला सांगा ना."

"नाही देता येत."

 तिनं मान भिंतीकडे वळवली. "माझे बाबा असते तर त्यांनी दिलं असतं," ती म्हणाली.

"हो," मास्तर म्हणाले. "दिलं असतं."

नर्स आत आली, तारा बघितल्या, कागदावर आकडा लिहिला आणि आठ वाजता पुन्हा रक्त घेऊ असं सांगून गेली. मास्तरांनी खुर्ची पलंगाला आणखी जवळ ओढली. ती पुन्हा पाणी मागू लागली, आणि ते नाही म्हणत बसून राहिले.